अंधेरीच्या पाटीवरचं नाव : लिओनार्ड चेशायर



स्मरणिकेसाठी प्रत्येकानं काहीतरी लिहायचं असं ग्रुपवर ठरलं, तेव्हा मी उत्साहात होकार दिला आणि मग पंचाईत झाली. शाळेच्या आठवणी बाकीचे माझ्यापेक्षा छान लिहितील. मी गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर लिहिते ते कोड, नाहीतर ईमेल. म्हणून म्हटलं, आपल्याला जमेल ते करावं. एका माणसाबद्दल मी बरंच वाचलं आहे, त्याचं आयुष्य क्रमानं सांगते. त्याचा आपल्या शाळेशी तसा काही संबंध नाही. माझ्यापुरता आहे, तो शेवटी सांगेन.

सुरुवात विमानांपासून करते, कारण ती आपल्या सगळ्यांना आठवत असतील. लोहगावहून उडालेलं विमान खराडीवरून गेलं की सरांचा खडू फळ्यावर थांबायचा. आवाज विरला की अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे सुरू व्हायचं. तेव्हा आपल्याकडे आयटी पार्क नव्हते, ज्वारीची शेतं होती आणि गाव महापालिकेतही गेलं नव्हतं. माझे वडील सांगायचे की आपल्या जन्माआधी लोहगावला याहून मोठी, चार इंजिनांची विमानं होती, आणि त्यांचा आवाज लांबून, सावकाश यायचा. पुढे वाचताना कळलं की ती लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमानं. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली ही अमेरिकन विमानं आपल्या लोकांनी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात दुरुस्त केली. १९५१ पासून हवाई दलाचं सहावं स्क्वाड्रन ती घेऊन पुण्यात होतं, आणि १९६८ मध्ये ती निवृत्त झाली. त्यातलं एक आज इंग्लंडच्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.

या विमानांबद्दल वाचता वाचता मी युद्धातल्या बॉम्बर वैमानिकांपर्यंत पोहोचले. त्यात एक आपलं मराठी नावही भेटलं. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर ब्रिटिश लँकेस्टर विमानांवर नेव्हिगेटर होते आणि त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं होतं. आणि एक नाव असं भेटलं, जे मी आधी रोज वाचत होते. माझी पहिली नोकरी अंधेरीला होती. महाकाली लेण्यांच्या रस्त्याला चेशायर होमची पाटी दिसायची. चेशायर म्हणजे कोणी संत असावेत नाहीतर एखादे जुने श्रीमंत दाते, असं मी धरून चालले होते. ते ब्रिटनचे सगळ्यात नावाजलेले बॉम्बर वैमानिक होते, हे मला फार उशिरा कळलं.

जेफ्री लिओनार्ड चेशायर यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ चा, इंग्लंडमधल्या चेस्टर गावचा. वडील ऑक्सफर्डला कायद्याचे नामांकित प्राध्यापक. आपल्यातले जे वकील झाले, त्यांनी करार कायद्यासाठी चेशायर आणि फिफूट यांचं जाडजूड पुस्तक पाहिलं असेल. त्यातले चेशायर म्हणजे हे वडील. मुलगाही ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात कायदाच शिकला, पण अभ्यासात फारसं लक्ष नव्हतं. वेगानं मोटार चालवणं, पैजा लावणं, उधळपट्टी करणं हे त्याचे उद्योग. अर्ध्या पाइंट बिअरच्या पैजेवर, खिशात जेमतेम चिल्लर ठेवून हा मुलगा पॅरिसपर्यंत जाऊन आला होता. १९३६ मध्ये तो काही काळ जर्मनीत पॉट्सडॅमला एका निवृत्त ॲडमिरलच्या घरी राहिला आणि तिथलं नाझी वातावरण त्यानं जवळून पाहिलं. विद्यापीठाच्या हवाई पथकात तो विमान चालवायला शिकला. १९३९ मध्ये पदवी हातात पडली आणि त्याच वर्षी युद्ध सुरू झालं.

जून १९४० मध्ये चेशायर १०२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. तिथे व्हिटली नावाची दोन इंजिनांची, संथ विमानं होती. त्याच नोव्हेंबरमध्ये जर्मनीवरच्या एका मोहिमेत त्यांच्या विमानाला तोफगोळा लागला आणि आतली एक फ्लेअर पेटली. विमानाच्या कुशीला माणूस आरपार जाईल एवढं भगदाड पडलं, आत धूर आणि आग. सहकाऱ्यांनी आग विझवली. वायरलेस ऑपरेटर वाईट भाजला होता, तरी तो आपल्या यंत्रापाशी धडपडत राहिला. चेशायर यांनी ते फाटलेलं विमान कित्येक तास चालवत इंग्लंडला परत आणलं. वय २३. या कामगिरीबद्दल त्यांना डीएसओ मिळालं. एवढ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला हे पदक सहसा मिळत नसे.

पुढे ते चार इंजिनांच्या हॅलिफॅक्स विमानांवर आले. हॅलिफॅक्स आणि लँकेस्टर यांत साधारण सात माणसं असायची : वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन तोफची. बहुतेकांची वयं विशीतली, म्हणजे आज आपल्या मुलांची जी आहेत किंवा लवकरच होतील ती. तीस मोहिमा झाल्या की एक पाळी पूर्ण. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसांनी विमानांतून काम केलं, त्यातले ५५ हजारांहून जास्त मेले. दहातले चार. विमान पडलं की सातही जण एकदम जायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एक अख्खी रांग रिकामी दिसायची. चेशायर यांचा धाकटा भाऊ ख्रिस्तोफर हाही बॉम्बर वैमानिक. १९४१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या मोहिमेत त्याचं विमान पडलं. तो वाचला, पण युद्ध संपेपर्यंत जर्मनांच्या कैदेत राहिला.

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. ऑगस्ट १९४२ मध्ये चेशायर ७६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. हॅलिफॅक्स विमानं फार पडत होती. वजन जास्त, त्यामुळे उंची गाठता येत नव्हती आणि वेगही कमी. त्यात शेपटीच्या रडरचा एक दोष होता. हिसक्यानं वळताना रडर एका बाजूला जाऊन तिथेच अडकायचं आणि विमान गरगरत खाली जायचं. असं विमान परत येत नसल्यामुळे कारण सांगायला कोणी उरत नसे. आमच्याकडे याला असा बग म्हणतात, जो स्वतःचा लॉगही पुसून टाकतो. चेशायर यांनी परत आलेल्या माणसांना खोदून खोदून विचारलं, स्वतः विमान घेऊन तपासलं आणि वरिष्ठांच्या मागे लागले. नवं काही बसवून मिळायला वेळ लागणार होता, म्हणून त्यांनी आहे त्यातलं काढायला घेतलं. पुढचा तोफेचा घुमट काढला, पाठीवरचा काढला, इंजिनाच्या धुराड्यांवरची जड झाकणं काढली. विमान हलकं झालं, वर जाऊ लागलं, हाताळायला सोपं झालं. शेपटीचा आकार कारखान्यानं नंतर बदलला आणि तो दोष गेला. आणखी एक गोष्ट त्यांच्याबद्दल सगळेच सांगतात. विमानतळावरच्या मेकॅनिकपासून स्वयंपाक्यापर्यंत प्रत्येकाचं नाव त्यांना पाठ असायचं.

१९४३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ते ब्रिटिश हवाई दलातले सगळ्यात तरुण ग्रुप कॅप्टन झाले आणि त्यांना एका तळाचं प्रमुखपद मिळालं. टेबलामागचं काम, जिवाला धोका नाही. ते त्यांना मानवलं नाही. पुन्हा उडायला मिळावं म्हणून त्यांनी एक पद खाली उतरायचं मान्य केलं आणि १९४३ च्या अखेरीस ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सूत्रं घेतली.

हे स्क्वाड्रन तेव्हाच प्रसिद्ध होतं. त्याच मे महिन्यात त्यांच्या १९ लँकेस्टरनी जर्मनीतली धरणं फोडली होती. त्यातली आठ विमानं परत आली नाहीत, ५३ माणसं गेली. खाली पुरात हजाराहून जास्त माणसं बुडाली आणि त्यात जर्मनांनी वेठीला धरलेले परदेशी मजूर फार होते. पानशेतच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना, धरण फुटणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ही मोहीम चेशायर यांच्या आधीची. पण ज्या कामात ते होते, त्याची ही दुसरी बाजू मी गाळू शकत नाही.

चेशायर यांना त्रास होता तो नेम न लागण्याचा. रात्री, वीस हजार फुटांवरून टाकलेले बॉम्ब कारखान्याऐवजी वस्तीवर पडत. त्यांचं म्हणणं, आधी एकानं अगदी खाली जाऊन लक्ष्यावर रंगीत दिव्यांची खूण टाकावी आणि मग वरच्यांनी त्या खुणेवर नेम धरावा. खाली जाणाऱ्याला सगळ्या तोफा टिपणार, हे उघड होतं. म्हणून ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या लिमोज गावी विमानांच्या इंजिनांचा कारखाना पाडायचा होता. जर्मनांसाठी चालणाऱ्या त्या कारखान्यात रात्रपाळीला शेकडो फ्रेंच बायका कामाला होत्या. चेशायर यांनी आपलं अवजड लँकेस्टर छपरांना लागेल इतकं खाली आणून कारखान्यावरून तीनदा नेलं. बायकांना इशारा कळला आणि त्या बाहेर पळाल्या. त्यानंतरच त्यांनी खूण टाकली. कारखाना गेला, आतली माणसं वाचली. पुढे याच कामासाठी त्यांनी लहान, चपळ मॉस्किटो विमान मागून घेतलं आणि म्युनिकवर तोफांच्या माऱ्यात खूण टाकली. जूनमध्ये तर एकच आसन असलेलं मस्टँग विमान मिळालं, जे त्यांनी कधी चालवलंही नव्हतं. त्यांनी त्यातलं पहिलंच उड्डाण थेट मोहिमेवर केलं.

६ जून १९४४ ला दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीत उतरलं, त्या रात्रीची त्यांची कामगिरी वेगळीच होती. त्या रात्री त्यांच्या स्क्वाड्रननं एकही बॉम्ब टाकला नाही. जर्मन रडारला वाटायला हवं होतं की मोठा आरमारी ताफा दुसऱ्याच किनाऱ्याकडे निघाला आहे. त्यासाठी सोळा लँकेस्टर अंधारात लांबट फेऱ्या घालत राहिली. दर काही सेकंदांनी धातूच्या चकचकीत पट्ट्यांचे गठ्ठे खाली टाकायचे आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा जराशी पुढे सरकवायची, म्हणजे पडद्यावरचा ठिपका बोटीच्या संथ चालीनं पुढे येताना दिसतो. वेग, उंची, वळण, सगळं सेकंदाच्या हिशोबात. आजच्या संगणकाशिवाय, नेव्हिगेटरच्या पेन्सिलीवर आणि घड्याळावर हे काम तासन्‌तास बिनचूक चाललं. मला त्या नेव्हिगेटरांचं फार कौतुक वाटतं.

जुलै १९४४ पर्यंत चेशायर यांच्या शंभर मोहिमा झाल्या आणि त्यांना सक्तीनं उड्डाणातून बाजूला काढलं. सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे पदक बहुतेक वेळा एका प्रसंगातल्या शौर्याला मिळतं. त्यांना ते चार वर्षं रोज दाखवलेल्या शौर्याबद्दल मिळालं. लगेच त्यांची बदली झाली ती कलकत्त्याला. भारताशी त्यांची पहिली भेट अशी, युद्धाच्या कार्यालयातली. तिथून ते वॉशिंग्टनला गेले आणि तिथून एका अशा कामावर, ज्याची त्यांना आधी कल्पना नव्हती.

९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. ब्रिटनतर्फे निरीक्षक म्हणून चेशायर एका अमेरिकन बी-२९ विमानात होते. ते विमान बॉम्ब टाकणाऱ्या विमानाला ठरल्या जागी भेटू शकलं नाही, त्यामुळे त्यांनी तो ढग दुरून पाहिला. वर्षअखेरीपर्यंत त्या शहरात अंदाजे सत्तर हजार माणसं मेली. चेशायर तेव्हा अठ्ठावीसचेही नव्हते.

इथे आपल्याला लगेच सम्राट अशोक आठवतो. कलिंगाचं युद्ध, पश्चात्ताप आणि मग धर्म. इतिहासाच्या पेपरात आपण सगळ्यांनी हे लिहिलेलं आहे. चेशायर यांची गोष्टही अनेकजण अशीच सांगतात. ते स्वतः मात्र तसं मानत नसत. युद्ध लढणं भाग होतं आणि बॉम्बनं ते लवकर संपलं, हे त्यांचं मत शेवटपर्यंत कायम होतं. पुढच्या कामाला प्रायश्चित्त म्हटलेलं त्यांना आवडत नसे. मला त्यांचं बॉम्बबद्दलचं मत पटत नाही. पण एखाद्याच्या आयुष्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावू नये, एवढं त्यांच्याकडून शिकले.

प्रत्यक्षात जे झालं ते अगदी साधं होतं. १९४६ च्या सुरुवातीला मानसिक थकव्याचं कारण देऊन त्यांना हवाई दलातून निवृत्त केलं. युद्धात घाईनं केलेलं लग्न मोडण्याच्या वाटेवर होतं. परत आलेल्या सैनिकांनी एकत्र राहावं, एकत्र शेती आणि धंदा करावा अशी एक वसाहत त्यांनी काढली. हॅम्पशायरमधलं ल कोर्ट नावाचं जुनं मोठं घर घेतलं. वर्षभरात भांडणं झाली, कर्ज झालं, माणसं पांगली. शंभर मोहिमा पार पाडलेला हा माणूस तिशीत एका रिकाम्या वाड्यात कर्ज फेडत बसला होता.

१९४८ मध्ये त्या वसाहतीतला एक जुना माणूस, आर्थर डाइक्स, आजारी पडला. पूर्वी तो तिथली डुकरं सांभाळायचा. बरा होईपर्यंत गाडी उभी करून राहायला थोडी जागा द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. चेशायर यांना कळलं की त्याला कर्करोग आहे, तो बरा होणार नाही आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्यांनी ते त्याला सांगितलं आणि त्याला स्वतःच्या घरी आणलं. नोकर नाही, नर्स नाही. अंथरूण बदलणं, अंग पुसणं, रात्री उठून बघणं हे सगळं व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या ग्रुप कॅप्टननं शिकून घेतलं. डाइक्स त्याच ऑगस्टमध्ये गेला. तोपर्यंत कोणीतरी एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बाईसाठी विचारून गेलं होतं. मग आणखी कोणी आलं. कोणालाच नाही म्हणता येईना आणि घर भरत गेलं. त्या वर्षीच्या नाताळात चेशायर यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला.

१९५२ मध्ये त्यांनाच क्षयरोग झाला. दोन वर्षांहून जास्त काळ ते इस्पितळात होते आणि फुप्फुसाचा काही भाग काढावा लागला. खाटेवरून पत्रं लिहून लिहून त्यांनी आणखी घरं उभी केली. बरे झाल्यावर ते भारतात आले आणि १९५६ मध्ये मुंबईत अंधेरीला ब्रिटनबाहेरचं पहिलं चेशायर होम सुरू झालं. माझ्या बसच्या वाटेवरची पाटी ती हीच. पद्धत ठरलेली असायची. घर लहान ठेवायचं, चालवायला त्या त्या गावातल्याच लोकांची समिती करायची, पैसे तिनंच उभे करायचे आणि राहणाऱ्याला रुग्ण न म्हणता घरातला माणूस मानायचं. ५ एप्रिल १९५९ ला मुंबईतच त्यांचं लग्न सू रायडर यांच्याशी झालं. छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांसाठी युरोपभर काम करणाऱ्या या बाईंचं काम चेशायर यांच्याइतकंच मोठं आहे. त्याच वर्षी दोघांनी डेहराडूनला कुष्ठरुग्णांसाठी आणि मतिमंद मुलांसाठी राफाएल नावाचं केंद्र काढलं. ते अजून चालू आहे.

आता एक कमी सांगितली जाणारी गोष्ट. ल कोर्टमध्ये पॉल हंट नावाचा एक तरुण राहायचा. स्नायूंच्या आजारामुळे तो चाकाच्या खुर्चीत होता. साठच्या दशकात तो आणि त्याचे सोबती संस्थेच्याच विरोधात उभे राहिले. कधी झोपायचं, कधी उठायचं, कोणाला भेटायचं हे व्यवस्थापनानं का ठरवावं, असा त्यांचा प्रश्न होता. हंट आणखी पुढे गेला. अपंगांना चांगल्या घरात वेगळं ठेवणं हे उत्तरच नाही, असं तो मांडू लागला. माणसाचे पाय चालत नाहीत ही एक गोष्ट. त्याला इमारतीत जाता येत नाही ही दुसरी, आणि ही दुसरी इमारत बांधणाऱ्यांनी केलेली असते. १९७२ मध्ये त्यानं काढलेल्या संघटनेतून जगभरच्या अपंग हक्क चळवळीला हा विचार मिळाला. म्हणजे ज्या घरात चेशायर यांनी डाइक्सची सेवा केली, त्याच घरातून त्यांच्या कामाची सगळ्यात कडक टीकाही आली. संस्थेला हळूहळू बदलावं लागलं. आज तिचा भर माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमाईवर राहता यावं यावर जास्त आहे.

चेशायर यांना १९८१ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट आणि १९९१ मध्ये लॉर्ड ही पदवी मिळाली. शेवटी त्यांना मोटर न्यूरॉन आजार झाला. एकेक स्नायू निकामी होत गेला आणि ज्यांच्यासाठी घरं काढली, त्यांच्यातलेच ते एक झाले. ३१ जुलै १९९२ ला ते गेले. तेव्हा सुमारे पन्नास देशांत त्यांच्या नावाची अडीचशेहून जास्त घरं होती.

आता माझ्यापुरता संबंध.

आपल्या वर्गात पाचवीपासून एक मैत्रीण होती, जिचा एक पाय पोलिओनं गेला होता. नाव लिहीत नाही, सगळ्यांना आठवेल. सातवीपर्यंत वर्ग खाली होता. आठवीला आपण वरच्या मजल्यावर गेलो. आम्ही तिघी-चौघी तिला धरून वर न्यायचो. पहिले काही आठवडे हौसेनं नेलं. मग कोणाचा क्लास, कोणाची बस. मी तिच्या बाकावर बसायचे, तरी काही दिवस मीच घंटा व्हायच्या आधी जिना चढून गेले. ती खाली थांबली आहे हे मला माहीत होतं. दिवाळीनंतर ती आलीच नाही. हजेरीत तिचं नाव यायचं बंद झालं. का, हे मी विचारलं नाही, आणि बाकी कोणी विचारल्याचंही मला आठवत नाही.

पॉल हंटबद्दल वाचलं त्या रात्री मला तो जिना आठवला. मी हिशोब मांडला. एक फूट चढायला साधारण बारा फूट लांबीचा उतार लागतो. मजला बारा फुटांचा धरला तर १४४ फूट, शिवाय मधले थांबे वेगळे. तेवढी जागा शाळेत तेव्हाही नव्हती. पण त्याची गरजच नव्हती. आठवीचा वर्ग खाली आणायचा आणि खालचा एखादा वर्ग वर न्यायचा, एवढंच करायचं होतं. खर्च शून्य. हे तेरा वर्षांच्या मुलींना सुचलं नाही आणि मोठ्यांनाही सुचलं नाही. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, कारण पहिला दोष माझा आहे.

मी तिचा नंबर शोधून तिला फोन केला. ती वाघोलीला असते, शिवणकामाचा धंदा आहे, हाताखाली चार बायका आहेत. तिला विचारूनच हे लिहिते आहे. मी माफी मागितली, तर तिनं विषय बदलला आणि मुलांची चौकशी केली. स्नेहमेळाव्याला ये म्हटलं. यायचं की नाही ते सांगण्याआधी तिनं एकच विचारलं : कार्यक्रम खाली आहे की वर?

आपण वरचं सभागृह ठरवलेलं आहे. माझी विनंती आहे की कार्यक्रम खाली, मैदानावर मांडव घालून करावा. आणि बॅचच्या निधीतून शाळेला कमान द्यायची, असं जे चाललं आहे, त्याऐवजी दारापाशी उतार, खालच्या मजल्यावर खुर्ची आत जाईल असं एक स्वच्छतागृह, आणि ज्या वर्गात असं मूल असेल तो वर्ग खालीच भरेल असा शाळेचा ठराव, या तीन गोष्टी मागाव्यात. २०१६ च्या कायद्यानं हा मुलांचा हक्कच आहे. उताराचं आणि स्वच्छतागृहाचं रेखाटन मी करून आणते, आपल्यातले बांधकामवाले तपासतील.

सर, बाई, तुमचा शब्द शाळेत अजून चालतो. ठरावाचं तेवढं तुम्ही बघा. कार्यक्रम खाली ठरला की ग्रुपवर टाका, म्हणजे मला तिला परत फोन करता येईल.